कापून टाकायची पट्टी

सकाळी दहा वाजून चोवीस मिनिटांनी माझ्या आईनं चालू छपाई थांबवली. मला न विचारता. छापलं जात होतं ते काही लग्नाचं कार्ड नव्हतं. नसीमा सतारमेकर नावाच्या बाईंच्या हृदयाला लावायचा, त्यांच्याच पेशींचा, तळहाताएवढा जिवंत तुकडा होता तो. माझ्या पडद्यावर त्या क्षणी सगळे दिवे हिरवे होते आणि ते दिवे कधी हिरवे व्हायचे हे मीच लिहिलेलं असल्यामुळं मला आईचा भयंकर राग आला.

पण हे नीट सांगायचं तर आधी आमच्या प्रेसबद्दल सांगायला हवं. मिरजेत किल्ल्याच्या बाजूला आमची पद्मप्रभा प्रिंटिंग प्रेस होती. वडील गेल्यावर आईनं, म्हणजे जयमाला चौगुलेनं, ती एकटीनं एकोणीस वर्षं चालवली. लग्नपत्रिका, पावतीपुस्तकं, दवाखान्यांच्या फायली. टेबलामागच्या भिंतीत एक लांब खिळा होता. काम आलं की त्याची चिठ्ठी खिळ्यात अडकायची. छापून, कापून, गठ्ठा बांधून झाला तरी चिठ्ठी निघायची नाही. गिऱ्हाईक स्वतः येणार, गठ्ठा हातात घेणार, चिठ्ठीवर 'माल मिळाला' म्हणून सही करणार, मगच आई ती काढणार. एका वकिलांची चिठ्ठी तर दोन वर्षं लोंबकळत होती, कारण लेटरहेड छापून झाल्यावर ते न्यायाधीश झाले आणि वकिलीचे कागद न्यायला आलेच नाहीत.

आईचा हा हट्ट उगाच नव्हता. छपाईच्या मशीनवर एक आकडा पुढं सरकत असतो. सिलिंडर एकदा फिरला की एक. कागद आत गेला का, त्याला शाई लागली का, याच्याशी त्या आकड्याला काही देणंघेणं नसतं. आईनं नवी नवी प्रेस हातात घेतली तेव्हा त्या आकड्यावर विसंबून पाचशे पत्रिका बांधून दिल्या. त्यातल्या सात आतून कोऱ्या होत्या, आणि त्या सातांतली एक नेमकी गेली गडहिंग्लजला, नवरीच्या सख्ख्या मामाकडं. पाकिटावर मानानं नाव लिहिलेलं आणि आत कोरा कागद. मामांनी त्याचा अर्थ लावला आणि ते आले नाहीत. नवरीला बोहल्यावर आणायला मामा नाही म्हणून मुहूर्त टळला, आणि पुढं दोन वर्षं त्या घरातलं कुणी आमच्या प्रेसची पायरी चढलं नाही.

त्यानंतर आईनं आकड्याकडं बघणं सोडलं. ती रंगपट्टीकडं बघायची. मोठ्या कागदाच्या कडेला, कापायच्या रेषेच्या बाहेर, रंगांचे छोटे छोटे चौकोन छापलेले असतात. पानावर शाई नीट बसते आहे का, ते त्या चौकोनांवरून कळतं. पट्टीच्या दोन्ही टोकांना अधिकच्या चिन्हासारख्या खुणा असतात. एका रंगावर दुसरा रंग नेमका बसवायचा तो त्या खुणा जुळवून. काम झालं की ही पट्टी कापून टाकतात. गिऱ्हाइकाला ती कधी दिसतसुद्धा नाही.

पुढं पत्रिका छापून घेणारेच उरले नाहीत. मशीन भंगारात गेलं तेव्हा आईनं फक्त तो खिळा उपटून पदरात बांधून आणला. मी तोवर पुण्याच्या एका कंपनीत लागलो होतो. आमची कंपनी दवाखान्यांना माणसाचे अवयव छापणारी यंत्रं द्यायची, आणि माझं काम होतं त्या छपाईची खबर ठेवणं: कुठल्या दवाखान्यात कुठलं काम रांगेत आहे, कुठलं चालू आहे, कुठलं अडलं, कुठलं झालं. मिरजेच्या केंद्रात ही रांग बघायला माणूस हवा होता. मी आईचं नाव सुचवलं. खरं सांगायचं तर तिचं मन रमावं म्हणून सुचवलं. तिथं तिचा काही उपयोग होईल असं माझ्या डोक्यात नव्हतं.

आता थोडं यंत्राबद्दल. रोग्याच्या रक्तातल्या पेशी घ्यायच्या, त्यांना मागं नेऊन पुन्हा कोवळं करायचं आणि मग हृदयाचे स्नायू बनायला शिकवायचं. याला सात आठवडे लागतात. या पेशी जेलीसारख्या द्रावात मिसळल्या की झाली शाई. बारीक सुईतून या शाईचे थेंब ओळीनं सोडत एक थर, त्यावर दुसरा, असे एकशे चाळीस थर चढतात. एका थराला दीड मिनिट. हृदयाच्या पेशीचा गुण असा, की ती एकटी असली तरी आपली आपण धडधडते. शेजारी दुसरी आली की दोघी एकमेकींचा ठेका धरतात. अशा कोट्यवधी एका ठेक्यात आल्या की तो तुकडा आकसतो, सैलावतो, आणि दमलेल्या हृदयाला हात देतो.

आणि थोडं माझ्या हिरव्या दिव्यांबद्दल. ऑफिसातला साधा प्रिंटर आठवा. संगणक म्हणतो 'छापून झालं', तुम्ही उठून जाता, तर ट्रेमध्ये काहीच नसतं. संगणक खोटं बोलत नाही. त्याच्या लेखी 'झालं' म्हणजे 'मी माझ्याकडचं सगळं पुढं पाठवलं'. पुढच्याचं काय झालं ते पुढचा सांगेल तेवढंच त्याला माहीत. आमच्या यंत्रात मी सतरा ठिकाणी पहारे बसवले होते: ऊब, दाब, थेंबाचा आकार, शाई ढवळणारी मोटर. दर दोन सेकंदांना सगळ्यांची हजेरी. माझ्या मते त्यातून काही निसटणं शक्य नव्हतं.

आई कामाला लागून महिना झाला नसेल, तर तिनं मला फोन केला. "सन्मती, तुझ्या छपाईला रंगपट्टी नाही."

"आई, इथं रंग नसतात."

"शाई आहे की. शाई आहे तिथं पट्टी पाहिजे."

ती इतकी मागं लागली, की यंत्राच्या प्रोग्रामच्या तिसऱ्या आवृत्तीत मी पट्टी घातली. प्रत्येक थर छापताना बाजूला तांदळाच्या दाण्याएवढा एक चौकोन. एकशे चाळीस थरांचे एकशे चाळीस चौकोन, एकमेकांना कडेनं चिकटलेले, आणि दोन्ही टोकांना, अगदी सुरुवातीलाच छापलेल्या, तिच्या त्या अधिकच्या खुणा. चौकोन छापल्यावर वीसेक मिनिटांनी उघड्या डोळ्यांना फडफडताना दिसायचा. काम झालं की पट्टी कापून टाकायची. पुण्याला सगळे तिला 'आईची पट्टी' म्हणायचे, आणि ते म्हणताना हसायचे. मीही हसायचो.

चौथ्या आवृत्तीत मी ती काढून टाकली. पट्टीमुळं प्रत्येक छपाई दहा मिनिटं लांबते आणि शंभरातली एक पेशी वाया जाते. मोजून बघितलं तर तिचा उपयोग एकदाही झालेला नव्हता. चाळीस केंद्रांत चौथी आवृत्ती बसायची होती आणि पहिलं केंद्र मी मिरज निवडलं. म्हटलं, आईला समोर बसून सांगू.

त्या संध्याकाळी आम्ही जेवायला बसलो. आमच्याकडं दिवस मावळायच्या आत जेवायची रीत, म्हणून भांडणालाही लवकर सुरुवात झाली.

"उद्या एकशे अठरा नंबरचं काम आहे," आई म्हणाली. "नसीमाबाईंचं. तेवढं पट्टीसकट होऊ दे. मग काढ तुला काय काढायचं ते."

"का? त्यांचं काय वेगळं आहे?"

"मी त्यांची प्रुफावर सही घेतली आहे."

मी हातातला घास परत ताटात ठेवला. "प्रुफावर? कुणाला विचारून?"

तर हिनं त्या तुकड्याचं खऱ्या मापाचं चित्र काढून घेतलं होतं आणि दुसऱ्या मजल्यावर जाऊन नसीमाबाईंसमोर धरलं होतं. नसीमाबाई शेचाळीस वर्षांच्या. पिढ्यान्‌पिढ्या तंबोरे करणारं घर. दोन वर्षांपूर्वीच्या तापानं त्यांच्या हृदयाचा डावा भाग मरगळला होता. पलंगापासून दारापर्यंत चाललं तरी त्यांना धाप लागायची. डॉक्टर प्रज्ञा ऐनापुरे त्यांच्यावर शस्त्रक्रिया करणार होत्या, आणि त्यांनी मला स्पष्ट सांगितलं होतं, की पुन्हा पेशी वाढवायला सात आठवडे लागतील आणि बाईंच्या हातात चार आठवडेही नाहीत. म्हणजे तुकडा एकच, आणि तोही पहिल्याच फटक्यात जमायला हवा.

"काय म्हणाल्या त्या?" मी विचारलं.

"म्हणाल्या, काय वो ताई, माझ्या काळजाचं प्रूफ मलाच वाचायला देताय व्हय? खूप हसल्या. हसल्यावर खोकल्या. मग म्हणाल्या, आमच्यात पण असंच आहे. गवयानं मांडीवर घेऊन छेडल्याबिगर आम्ही तंबोरा तयार झाला म्हणत नाही." आईनं पाण्याचा तांब्या माझ्याकडं सरकवला. "तुझं ते हिरवं कुणाला विचारून होतं रे?"

"सतरा ठिकाणी विचारून होतं. उद्या सकाळी आठला चौथी आवृत्ती बसणार. पट्टी नाही. विषय संपला."

आईनं मान हलवली. तिनं इतक्या सहज ऐकलं याचं मला नवल वाटायला हवं होतं.

सकाळी आठला मी केंद्रात पोचलो तर एकशे अठरा नंबर दहा मिनिटांपूर्वीच सुरू झालेला. जुन्या आवृत्तीत. पट्टीसकट. चालू छपाईत आवृत्ती बदलता येत नाही, हा नियम माझाच. आईनं खोलीच्या भिंतीत तो प्रेसचा खिळा कधीचाच ठोकून ठेवला होता. त्यावर एकच चिठ्ठी होती आणि चिठ्ठीवर नसीमाबाईंचं नाव.

"तू मुद्दाम केलंस."

"आठला बसणार म्हणालास. मी आठच्या आत रांगेत घातलं. नियमात बसतंय की नाही?"

बसत होतं. मी शेजारच्या खोलीत जाऊन बसलो आणि पुण्याला कळवलं, की आवृत्ती दुपारी बसेल, थोडी तांत्रिक अडचण आहे. अडचणीचं नाव मी लिहिलं नाही.

सत्तर थर झाले. शाईची पहिली नळी संपली, यंत्रानं आपोआप दुसरी लावली. हिरवं. ऐंशी. हिरवं. शहाण्णव. आणि पडद्यावर पिवळी अक्षरं आली: 'काम थांबवले आहे. कर्ता: जयमाला चौगुले.'

मी धावत गेलो. काचेच्या पेटीत सुई हवेत थबकली होती. आई भिंगाला डोळा लावून बसली होती.

"आई! थांबवलंस का? चौदा मिनिटांत परत सुरू नाही केलं तर वरच्या थरावर साय धरते, पुढचा थर चिकटत नाही. सगळं फुकट जाईल!"

"माहिती आहे मला. पट्टी सत्तरावर थांबलीय."

"म्हणजे?"

"सत्तराव्या चौकोनापर्यंत फडफडतंय. पुढचं गप्प आहे. मगाशी वाटलं, वेळ लागत असेल. पण ब्याऐंशीपर्यंत तरी एव्हाना हलायला पाहिजे होतं. एकही हलत नाही."

मी पडद्याकडं बघितलं. ऊब बरोबर. दाब बरोबर. थेंब नेमका हवा तेवढा. ढवळणारी मोटर चालू. सतराच्या सतरा हिरवे. माझं बोट 'पुढे चालू' या बटणावर गेलं. तेवढ्यात वरून डॉक्टर ऐनापुरेंचा फोन आला. मी तो खोलीभर ऐकू येईल असा लावला.

"सन्मती, छपाई वेळेवर आहे ना? बाईंना भूल द्यायच्या तयारीत आहोत आम्ही. देऊ?"

मी तोंड उघडणार, त्याच्या आत आई म्हणाली, "अजून नको डॉक्टर. पट्टी बघून सांगते."

"कसली पट्टी?" डॉक्टरांनी विचारलं, पण आईनं फोन बंद केला होता.

बारा मिनिटं उरली होती. माझं बोट अजून बटणावरच होतं. मी चिडून म्हणालो, "यंत्रात एकही चूक दिसत नाही. तू थांबवलंस म्हणून ती बाई मेली तर?"

आईचा चेहरा पडला. तिनं आवाज चढवला नाही. "तर मी उरलेलं आयुष्य ते मनाला लावून घेईन. पण तुझ्या आकड्यावर कोरी पत्रिका गेली तर? गडहिंग्लजच्या मामाला निदान राग तरी येत होता. हिला काहीच यायचं नाही." मग ती खुर्चीवरून उठली. "भिंगाला डोळा लाव. एकाहत्तराव्या चौकोनात किती पेशी आहेत ते मोज. मग दाब ते बटण. मी हात धरणार नाही."

मी बसलो. भिंगातलं चित्र मोठं केलं. सत्तराव्या चौकोनात पेशींची दाटी होती, सगळ्या एका ठेक्यात आकसत होत्या. एकाहत्तराव्यात गेलो. स्वच्छ, नितळ जेली. मोजायला काही नव्हतंच. बहात्तर, तशीच. पंचाऐंशी, तशीच. थेंब नेमके होते, दाब नेमका होता, ऊब नेमकी होती, आणि आत कुणी नव्हतं. सव्वीस थर कोरे छापले होते माझ्या यंत्रानं, आणि प्रत्येक थराला 'झालं' म्हणून हिरवी खूण केली होती.

"संपलं," मी म्हणालो. "दुसऱ्या नळीत पेशीच नाहीत."

"नाहीत कशा? काल माझ्यासमोर भरल्या. तळाला बसल्या असतील. डबा ढवळला नाही की शाई तळाला बसते."

"पण मोटर चालू आहे—"

मी बोलता बोलता थांबलो. मोटर नळीच्या बाहेर होती. ती चुंबक फिरवायची आणि त्या चुंबकाच्या ओढीनं नळीच्या आतलं पातं फिरायचं. माझा पहारा मोटरवर होता. पातं आतल्या आत निखळलं असलं तरी मोटर आपली मजेत फिरत राहणार, आणि मी तिची हजेरी लावत राहणार.

पेटीच्या काचेत हात घालायला रबरी हातमोजे बसवलेले होते. आईनं दोन्ही हात आत घातले, उबेच्या कवचातून नळी सोडवली आणि उजेडात धरली. तळाला दुधट थर साचला होता. पातं एका बाजूला आडवं पडलेलं.

"हलवू नकोस जोरात, मरतील," मी म्हणालो.

"लग्न झाल्यापासून चौतीस वर्षं शाई हाताळलीय मी." तिनं नळी अगदी सावकाश पालथी केली, तेवढीच सावकाश सुलटी केली, तान्ह्या मुलाला कूस बदलून देतात तशी. परत पालथी. परत सुलटी. दुधट थर सुटून वर चढायला लागला. तिनं एक थेंब भिंगाखाली सोडला. मी बघितलं. पेशी सुट्या सुट्या होत्या, एकीचा ठेका दुसरीला माहीत नव्हता, पण प्रत्येक धडधडत होती.

मी आनंदानं ओरडलो. "जिवंत आहेत!"

"नऊ मिनिटं राहिली," आई म्हणाली. "कोऱ्या थरांचं काय करायचं?"

माझ्या प्रणालीत कामाच्या चारच अवस्था होत्या: रांगेत, चालू, झालं, रद्द. झालेल्या थरावर परत जायची सोयच नव्हती. झालं म्हणजे झालं.

"दुसरा हात द्यायचा," आई म्हणाली. "शाई फिकी बसली की आम्ही तोच कागद परत मशीनमधून काढायचो. वरची साय सोडली तर आतलं अजून मऊ आहे ना? सुई आत शिरेल. खुणा आहेत टोकाला. खुणा जुळवून घे आणि त्याच ओळींवर परत छाप."

शक्य होतं ते. आतली जेली तासभर मऊ राहते. सुई केसाएवढी बारीक. तळाच्या पेशी वर आल्यामुळं शाई आता आधीपेक्षा दाट होती, म्हणजे थोडीच सोडून भागणार होतं. अडचण नेमकेपणाची होती. नळी काढघाल केल्यावर सुई केसभर इकडं तिकडं झाली असणार, आणि तेवढ्यानं धड असलेले खालचे थर फाटले असते. जागा नक्की करायला तुकड्याशी पक्कं बांधलेलं काहीतरी हवं. ते त्या दोन अधिकच्या खुणा होत्या. चौथी आवृत्ती सकाळी बसली असती, तर नसत्या.

मी लिहायला बसलो. आयुष्यात इतक्या घाईनं कधी लिहिलं नाही. आई शेजारी उभी राहून मिनिटं सांगत होती. एकशे अठराचं काम कापून मधे नवं काम घातलं: खुणा शोध, जुळव, एकाहत्तराव्या थरात उतर, जुन्या दोन ओळींच्या मधल्या जागेत थेंब सोड, शहाण्णवपर्यंत वर ये, मग सत्याण्णवपासून नेहमीसारखं. कोऱ्या चौकोनांच्या खाली पट्टीची दुसरी ओळ, सव्वीस चौकोनांची, दोन्ही टोकांना वरच्या ओळीशी जोडलेली.

"चार मिनिटं."

मी काम पाठवलं. पडदा लालभडक झाला. 'हा थर आधीच छापून झाला आहे.' 'सुईची जागा चुकीची आहे.' 'काम रद्द करावे?' माझेच इशारे, माझ्याच शब्दांत. प्रत्येक इशाऱ्यावर मला 'दुर्लक्ष करा' दाबावं लागत होतं. ते बटण कुणी कधी दाबू नये म्हणून मी ते मुद्दाम छोटं ठेवलं होतं. सव्वीस वेळा दाबलं. शेवटचं दाबलं तेव्हा सव्वा मिनिट राहिलं होतं. सुई खाली आली, उजव्या खुणेवर थांबली, डाव्या खुणेवर थांबली, आणि सायीतून आत शिरली.

पुढचे पावणेदोन तास पडद्यावर लाल रंग तसाच होता. मी पडदा बंद केला. आम्ही दोघं पाळीपाळीनं भिंगाला डोळा लावून बसलो. आई अधूनमधून नळीचं कवच सैल करून ती पालथी-सुलटी करायची. दोघांनी मिळून शेवटचं काम कधी केलं होतं ते मला आठवेना. बहुतेक दहावीच्या सुट्टीत पावतीपुस्तकांना नंबर मारले होते तेव्हा.

शेवटचा थर चढला. त्यानंतर वीस मिनिटं आम्ही पट्टीकडं बघत बसलो. मग आईनं माझी बाही ओढली.

पट्टी हलत होती. पहिल्या चौकोनापासून एक लहर निघाली, सत्तरापर्यंत सरळ गेली, तिथून खालच्या ओळीत उतरली, सव्वीस चौकोन पार करून सत्याण्णवला पुन्हा वर चढली आणि एकशे चाळीसपर्यंत पोचली. कुठंही न अडखळता. मग दुसरी लहर. मग तिसरी. शेजारी तो तळहाताएवढा तुकडा त्याच ठेक्यात आकसत होता. मी रडत होतो आणि मला त्याची लाज वाटली नाही.

आईनं फोन उचलला. "डॉक्टर, द्या भूल. पट्टी बोलली."

शस्त्रक्रिया साडेपाच तास चालली. दिवस मावळायच्या आत संपली. ऐनापुरे बाहेर आल्या, टोपी काढली आणि म्हणाल्या, "धरला. पहिल्या मिनिटापासून हृदयाबरोबर चालतोय." मग आईकडं वळून म्हणाल्या, "आता सांगा, कसली पट्टी?"

मी त्याच दिवशी पुण्याला कळवलं: चौथी आवृत्ती मी मागं घेतोय, चूक माझी आहे, आणि चूक काय ते सविस्तर लिहितोय. या खेपेला अडचणीचं नाव लिहिलं. लिहून झाल्यावर मी नसीमाबाईंच्या कामापुढं 'झालं' टाकायला गेलो.

"हात लावू नकोस," आई म्हणाली. "माल मिळाला का?"

"आई, तुकडा त्यांच्या छातीत आहे. आणखी कसा मिळायचा?"

"सही झाली का?"

नाही झाली. चिठ्ठी खिळ्यावर राहिली आणि काम रांगेत 'चालू'. पुण्याहून रोज विचारणा यायची, की मिरजेचं एक काम इतके दिवस अडलंय कसं. मी रोज तेच उत्तर द्यायचो: गिऱ्हाईक आलेलं नाही. दोन आठवड्यांनी विचारणारे थांबले. पाच आठवड्यांनी त्यांनी पाचव्या आवृत्तीचा आराखडा मागितला. त्यात पट्टी होती, 'दुसरा हात' होता, आणि 'झालं' ही अवस्था यंत्राला स्वतःहून लावता येत नव्हती. माणसानं येऊन सांगायचं. चाळीसही केंद्रांनी ती मान्य केली, आणि आता त्या पट्टीला पुण्यात कुणी हसत नाही.

साठाव्या दिवशी सकाळी अकराला आम्ही खोलीत बसलो होतो. जिन्यावर पावलं वाजली. लिफ्ट चालू होती, तरी कुणीतरी जिन्यानं येत होतं, सावकाश, पण न थांबता. आमची खोली तिसऱ्या मजल्यावर. आई उठून उभी राहिली.

दारात नसीमाबाई होत्या. गुलाबी साडी, खांद्याला गवसणीत घातलेला लहान तंबोरा. पलंगापासून दारापर्यंत न जाऊ शकणारी बाई बासष्ट पायऱ्या चढून आली होती, खांद्यावर ओझं घेऊन.

"तुम्ही सतरंजी अंथरता का मी खाली बसू?" त्या म्हणाल्या. "नवीन केलाय. इथनं घरी गेल्यावर केलेला पहिला."

आईनं सतरंजी अंथरली. नसीमाबाईंनी तंबोरा मांडीवर घेतला आणि छेडला. चारी तारा खोलीभर घुमल्या. त्यांनी थोडा वेळ ऐकलं, एका तारेखालचा दोरा किंचित सरकवला, पुन्हा छेडला, आणि मान डोलावली. मग उजवा हात छातीवर ठेवला आणि तसाच थोडा वेळ ठेवला.

"ताई," त्या म्हणाल्या, "आणा ती चिठ्ठी."

आईनं पेन दिलं. नसीमाबाईंनी ठळक अक्षरांत लिहिलं, 'माल मिळाला', आणि खाली सही केली. आईनं चिठ्ठी दोनदा वाचली. डोळे पुसले. मग माझ्याकडं वळली.

"हं," ती म्हणाली. "आता कर तुझं हिरवं."